सरवदे सरांची शांतता

सरवदे सरांच्या वर्गात पंखा बंद असायचा. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. शाळेचे पंखे जुने होते, फिरताना खडखडायचे, आणि त्या खडखडीत पोरांचं अर्धं लक्ष जातं, असं सरांचं म्हणणं होतं. पोरं घाम पुसत बसायची, सर फळ्यासमोर उभे. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, बाह्यांची बटणं मात्र मनगटापर्यंत लावलेली. मी एकदा म्हटलं, "सर, पोरं उकडून निघतात हो." तर म्हणाले, "घामानं कुणी मरत न्हाई, नसीमाबाई. अर्धवट ऐकायची सवय लागली तर जन्मभर नुकसान हाय."

उमरीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावातली ती जिल्हा परिषदेची शाळा. मी नांदेडहून रोज अप-डाऊन करायचे. सर लातूरकडचे, मुरुडचे. मुलांच्या शिक्षणासाठी बायको-मुलं लातूरला ठेवलेली, आणि स्वतः गावात एक खोली घेऊन राहत. शनिवारी दुपारी जायचे, सोमवारी प्रार्थनेला हजर.

त्यांनी कधी कुणा पोराला मारलं नाही. वर्गात कुजबुज झाली की ते बोलायचे थांबत. हातात खडू धरून नुसते उभे राहत. दोन मिनिटं, पाच मिनिटं. पोरंच एकमेकांना गप्प करायची. कधी मध्येच ते टेबलावरून पेन्सिल खाली सोडायचे. तो आवाज शेवटच्या रांगेतल्या पोराला ऐकू आला पाहिजे. आला नाही, तर धडा पुन्हा पहिल्यापासून. बाजूच्या वर्गात मी पोरांना कविता म्हणायला लावली की भिंतीवर हलकीशी टकटक व्हायची. मला राग यायचा.

या वेडाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. मुरुडला त्यांचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. आत आठ माणसं, आणि पलीकडच्या भिंतीला पिठाची गिरणी. "वडील म्हनायचे, आपल्याला शिक्षनाशिवाय दुसरं काय न्हाई. शिक म्हननं सोपं हाय. पुस्तक उघडलं की गिरनी चालू. म्या धा वर्षं एकेक ओळ चार-चारदा वाचलो. ह्या पोरांला एकदाच वाचावं लागावं, एवढंच बघतो."

अशा माणसाच्या वर्गात तिसरीला प्रांजल आली.

पहिली-दुसरीला ती माझ्याकडे होती. तिच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहिलेलं होतं, 'हुशार आहे, पण लक्ष नसतं.' सकाळी यायची ती डोकं धरूनच. बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. काही विचारलं तर उत्तर अर्धं द्यायची आणि उरलेलं कुठंतरी सांडून जायचं. बाप संतोष काळी-पिवळी जीप चालवायचा, आई कविता ब्लाऊज शिवायची. दोघं म्हणायची, रात्री तर लवकर झोपते, मग दिवसा अशी का, कळत नाही. मी म्हणायचे, मोबाईल देऊ नका. त्यांच्या घरी मोबाईल एकच होता आणि तो दिवसभर संतोषच्या खिशात असायचा, हे मला नंतर कळलं.

सरांनी तिला पहिल्या बाकावर घेतलं. डोळे तपासून आणले. डोळे चांगले होते. महिनाभरानं मला म्हणाले, "ही पोरगी आळशी न्हाई. ही यायला बघती, पर मधी कायतरी आडवं हाय." मग त्यांनी एकेक गोष्ट लावून पाहिली. चित्रं, गोष्टी, मणी. शेवटी दिवाळीनंतर जादूचा चौरस सापडला. नऊ घरं, एक ते नऊ आकडे, कुठूनही बेरीज पंधरा. प्रांजल त्यावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मधल्या सुट्टीत सर माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "आज लागलं, नसीमाबाई. पंधरा मिनिटं पोरीनं मान वर केली न्हाई."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, त्यांच्या वर्गातून बाक सरकल्याचा आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या कुठल्याही वर्गातून आला असता तर मी उठले नसते. मी धावले.

प्रांजल फरशीवर होती. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. चाळीस पोरं जागच्या जागी बसलेली, एकही हललं नव्हतं, कारण सरांनी हलायला शिकवलंच नव्हतं. सर गुडघ्यावर बसून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणत होते, "प्रांजल, श्वास घे."

तिनं घेतला. छाती वर आली, खाली गेली आणि थांबली.

"घे."

पुन्हा घेतला. पुन्हा थांबली.

मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. दम लागलेला माणूस कसा असतो हे मला माहीत होतं. माझ्या अब्बांना दमा होता. तो माणूस हवेसाठी धडपडतो. ही पोर धडपडत नव्हती. सांगितलं की श्वास घेत होती, सांगितलं नाही की तिला त्याची गरजच नसल्यासारखी पडून होती.

कपाटात कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर होता. सेल संपलेले. मी टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. घाईत एक सेल दोनदा उलटा बसला. तिच्या बोटाला लावला तेव्हा आकडा आला अडुसष्ट. कोरोनानं गावातल्या प्रत्येक माणसाला तो आकडा वाचायला शिकवलं होतं. सरांनी तो पाहिला, आणि पुढचा दीड तास दुसरे कुठलेच शब्द बोलले नाहीत. "घे. सोड. घे. सोड."

संतोषची जीप उमरीत स्टँडवर होती. शेजारच्याची जीप काढली. मागच्या सीटवर सर, मांडीवर प्रांजल, बाजूला कविता. मी पुढं बसले आणि मागं वळून आकडा वाचत राहिले. उमरीत डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून तपासलं, आणि म्हणाले की वेळ घालवू नका, नांदेडला न्या. रुग्णवाहिका बाहेर गेलेली होती. एक लहान सिलिंडर सोबत दिलं आणि आम्ही तसेच निघालो.

उमरीबाहेर रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी आली. संपेचना. त्या धडधडीत सरांचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ओठ हलताना दिसत होते, पण तिचे डोळे मिटत चाललेले. मी ओरडले, "ब्याऐंशी!" तेव्हा सरांनी तिचा तळवा उचलून स्वतःच्या छातीवर दाबून धरला आणि मोठमोठे श्वास घ्यायला लागले. त्यांची छाती वर गेली की तिचा हात वर जायचा. दोन-तीनदा तसं झालं आणि तिची छाती त्यांच्या मागोमाग चालू लागली. फाटक उघडलं तेव्हा कविता रडायची थांबून तोंडात पदर धरून नुसती बघत होती.

नांदेडला पोचेपर्यंत पोरीचा रंग परत आला. दवाखान्यात तिनं बिस्कीट मागितलं. डॉक्टरांना काही सापडेना. छाती साफ, हृदय चांगलं. फिट असेल म्हणाले, औषध लिहून दिलं, तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

सरांचा घसा आठ दिवस बसलेला होता. त्या आठ दिवसांत त्यांनी एक वही केली. प्रांजल कधी पेंगते, कधी निळी दिसते, तेव्हा काय करत असते, आकडा किती. खेळताना, बोलताना, भांडताना सत्त्याण्णव. बेरीज करताना ब्याण्णव. चौरस द्यायची त्यांची हिंमत नव्हती. पण दोन आठवड्यांनी चित्र रंगवताना ती पुन्हा निळसर झाली, आणि सर वही घेऊन नांदेडला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाकडे निघाले. सोबत कविता आणि प्रांजल. नांदेड माझं गाव, म्हणून मी.

त्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्या. बाहेर पन्नास पेशंट. त्यांनी आधीचे कागद चाळले, प्रांजलला तपासलं आणि म्हणाल्या, "आत्ता तर मुलगी छान आहे."

"आत्ता छानच हाय, मॅडम," सर म्हणाले. "आत्ता ती तुमच्याशी बोलून राहिली. तिला काम द्या, मग बगा."

"कसलं काम?"

"डोक्याचं."

डॉक्टर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सरांना ते दिसलं. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि वेगळंच बोलले. "मॅडम, आमच्या शाळेत पोरी कबड्डी खेळतात. हिला चढाईला सोडलं की हिचा दम सुटतच न्हाई. मोठ्या पोरी धापा टाकतात, ही कबड्डी-कबड्डी करतच राहती. आमी टाळ्या वाजवायचो. आता मला त्याचं भ्या वाटून राहिलं."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "दम कोंडला तरी तिला त्रास होत नाही?"

"कधीच न्हाई."

"द्या तिला काम," त्या म्हणाल्या. प्रांजलच्या बोटाला त्यांनी स्वतः मशीन लावलं आणि ऑक्सिजनची नळी हाताशी ओढून ठेवली.

सरांनी खिशातून चौकटीचा कागद काढला. पंचवीस घरांचा चौरस. आदल्या दिवशी बसून आखलेला असणार. प्रांजलसमोर ठेवला, पेन्सिल दिली, आणि मागं सरकून भिंतीला टेकले. कविता म्हणाली, "गुरुजी, नका हो." सर तिच्याकडे बघू शकले नाहीत. "ताई, ह्यांनी डोळ्यानं बघितल्याशिवाय उपाय न्हाई."

खोलीत आवाज नव्हता. बाहेर एक बाळ रडत होतं. प्रांजल वाकली. सत्त्याण्णव. तिनं ओठ चावला, एक आकडा लिहिला, खोडला. पंच्याण्णव. तिसऱ्या मिनिटाला नव्वद. डॉक्टर बाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. त्या आकड्याकडे नाही, तिच्या छातीकडे बघत होत्या. छाती जवळजवळ हलत नव्हती. शहाऐंशी. पोरगी गालातल्या गालात हसत होती, बहुतेक तिला एक ओळ सुटली होती. ब्याऐंशी. कविताच्या तोंडून आवाज आला, त्याच क्षणी डॉक्टर बाई म्हणाल्या, "प्रांजल, मोठा श्वास घे," आणि सरांनी कागद ओढून घेतला.

"माझं झालंच होतं," प्रांजल रागानं म्हणाली.

सर बाहेर गेले. मी मागं गेले तर ते पाण्याच्या नळाशी तोंडावर पाणी मारत होते. शर्टाच्या बाह्या पहिल्यांदाच वर केलेल्या.

पुढं हैदराबादला तपासण्या झाल्या, रक्त कुठंतरी लांब पाठवलं गेलं. निदान आलं ते या डॉक्टर बाईंनीच आम्हाला साध्या भाषेत सांगितलं. आपण झोपलो तरी मेंदूचा एक भाग श्वास चालू ठेवतो. या मुलीचा तो भाग जन्मापासून कच्चा आहे. हजारो-लाखो मुलांत एखादं असं निघतं. जागी आहे, हलते-बोलते आहे तोवर भागतं. झोपली की श्वास उथळ होतो. आणि एखाद्या गोष्टीत मन पूर्ण बुडालं, तर जागेपणीही तसंच होतं. गुदमरल्याची जाणीव तिला होत नाही, म्हणून ती ओरडणार नाही, सांगणार नाही. रोज रात्री हवा कमी पडते म्हणून सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, लक्ष लागत नाही.

सर दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं आपन जिला लक्ष न्हाई म्हनलो, तिला रातभर हवाच न्हवती, नसीमाबाई. आन जवा तिचं लक्ष लागलं तवा म्या शाबासकी दिलो."

झोपताना लावायचं मशीन आणि मास्क आला. वीज गेली तर चालावं म्हणून सरपंचांनी स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर काढून दिला. महिन्याभरात पोरगी ओळखू येईना. डोकेदुखी गेली, डोळे लख्ख झाले, एकदा ऐकलेलं तिला पाठ होऊ लागलं. सगळे खूश होते, सर सोडून. कारण डोकं मोकळं झालं तशी ती जास्त रमू लागली, आणि जितकी रमायची तितका धोका. मुख्याध्यापक म्हणाले, हिला घरीच बसवा, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? सरांनी कोरा कागद घेतला, त्यावर 'माझी' एवढंच लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गातला पंखा चालू झाला.

मोठ्यानं वाचणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, हे त्यांनी वहीवरून शोधून काढलं होतं. म्हणून आता सगळं मोठ्यानं. गणित बोलत बोलत सोडवायचं. एक गणित झालं की पेन्सिल खाली, सगळ्यांनी उत्तर ओरडायचं, मोठा श्वास घ्यायचा, आपापली नखं बघायची. गुलाबी असतील तर पुढचं गणित. चाळीसही पोरांनी, म्हणजे प्रांजल एकटी पडणार नाही. त्या वर्गाचा गलका चावडीपर्यंत जायचा. आता भिंतीवर टकटक करायची पाळी माझी होती. मी केली नाही.

केंद्रप्रमुख आले तेव्हा दारातच थांबले. "सरवदे, तुमच्या वर्गाचं नाव ऐकून आलो. हा तर उमरीचा बाजार झालाय."

"हाव साहेब. बाजारच हाय," सर म्हणाले. पुढं काही सांगितलं नाही, कारण प्रांजल पहिल्या बाकावर ऐकत होती. शेरेबुकात लिहून गेलेला शेरा त्यांनी वाचला आणि सही केली.

पण त्यांना तो गोंगाट सोसत नव्हता. मधल्या सुट्टीत ते शाळेमागं जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, कानांवर हात ठेवून. आणि त्यांचंही चुकत होतं. सतत नजर प्रांजलच्या ओठांवर, त्यामुळं बाकीची पोरं सुटू लागली. एका बापानं येऊन तोंडावर सांगितलं, "गुरुजी, आमची पोरं बी तुमचीच हायेत ना?" सर म्हणाले, "चुकलं माझं." त्या दिवसापासून ते शाळा सुटल्यावर मागं पडलेल्या पोरांना तासभर थांबवू लागले.

एकदा सुट्टीत प्रांजल लिंबाखाली गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. सरांनी लांबून पाहिलं, धावत गेले आणि पुस्तक हिसकावलं. पोरगी किंचाळली. "मला वाचू द्या ना."

"मोठ्यानं वाच. कोन न्हाई म्हनतंय?"

"मोठ्यानं वाचलं की गोष्ट पळून जाती, सर."

मी वऱ्हांड्यात उभी होते. सरांना थोबाडीत बसल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणा मास्तरानं हे ऐकून सोडून दिलं असतं. सर खाली मातीत बसले, पुस्तक तिला परत दिलं, खिशातून ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला. "वाच. मनातल्या मनात वाच." ती वाचू लागली. आकडा नव्वदला आला की ते तिच्या खांद्यावर बोटानं टकटक करायचे. ती न बघता मोठा श्वास घ्यायची आणि पान उलटायची. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं हेच. त्यांचा डबा दुपारच्या तासाला टेबलाखाली तसाच असायचा.

पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षा आली. कविताला नको होती. "गुरुजी, न्हाई बसली तर काय बिघडतंय?" पण प्रांजलला बसायचं होतं आणि सरांना तिच्याहून जास्त. त्यांनी अर्ज केले, डॉक्टर बाईंचं पत्र जोडलं. परीक्षेत कुठलंही यंत्र चालणार नाही असं उत्तर आलं. शेवटी एवढं ठरलं, की पर्यवेक्षकानं दर दहा मिनिटांनी तिच्या बाकावर टकटक करायची.

केंद्र उमरीला होतं. पहिला पेपर उत्तम गेला. प्रांजल उड्या मारत बाहेर आली, डबा खाल्ला, पुन्हा आत गेली. गेट बंद झालं. सर, कविता आणि मी बाहेर बाभळीच्या सावलीत बसलो. वीसेक मिनिटं झाली असतील. समोरच्या टपरीवर एक माणूस चहा पिताना दिसला आणि सर उभे राहिले. पहिल्या पेपरचा पर्यवेक्षक होता तो.

"तुमी हितं? आत कोन हाय?"

"दुसऱ्या पेपरला बदलले ना सर. दुसरे आहेत."

"त्यांना सांगितलंय का? मुलीचं?"

त्या माणसाचा चहाचा हात तसाच थांबला.

सर गेटवर गेले. शिपाई उघडेना. पत्र दाखवलं. "केंद्र संचालकांला इचारावं लागंल," म्हणून तो पत्र घेऊन आत गेला तो गेलाच. सरांनी गेटचे गज धरले होते. बोटं पांढरी पडलेली. सगळं आवार चिडीचूप, कुठं कागदाचा आवाज नाही. ही त्यांनी जन्मभर मागितलेली शांतता होती. कविता जमिनीवर बसली. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

मग व्हरांड्याच्या टोकाला प्रांजल दिसली. एकटी चालत येत होती, दोन्ही हात समोर धरून, नखांकडे बघत. मागून पर्यवेक्षक, "अगं, कुठं निघालीस? पुन्हा आत घेता येणार नाही," म्हणत.

शिपायानं गेट उघडलं. ती सरांसमोर उभी राहिली. ओठ निळसर होते, पण श्वास चालू होता. मोठा, मोजून घेतलेला. "नखं निळी दिसली, सर. मग मी पेन्सिल ठेवली आणि उठले."

सरांनी विचारलं, "किती राहिलं?"

"सतरा प्रश्न."

कवितानं सरांकडे पाहिलं. पोरीला कुशीत घेऊन सावलीत गेली.

यादीत प्रांजलचं नाव आलं नाही. निकालाच्या दिवशी सर मला म्हणाले, "तिनं स्वतःहून पेन्सिल ठेवली. ह्याच्यासाठी तीन वर्षं झटलो. आन पोरगी समोर जिती उभी ऱ्हायली तवा म्या पयला सवाल काय केला? किती राहिलं. मास्तर मरत न्हाई बगा आतला." मग म्हणाले, "वाईट बी वाटलं. खोटं कशाला बोलू. पोरगी वरच्या धात आली असती."

पुढच्या वर्षी त्यांची लातूर जिल्ह्यात बदली झाली. अकरा वर्षं मागत होते. निरोप समारंभ करू दिला नाही. मात्र दर वर्षी प्रांजलच्या तपासणीला ते लातूरहून नांदेडला येत राहिले, ती वही घेऊन. तिच्यात तिसरीपासूनचे आकडे होते. डॉक्टर बाई आधी वही बघायच्या आणि मग पोरीला.

गेल्या मे महिन्यात सर गेले. मुरुडलाच, हृदयाचा झटका. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या हिवाळ्यात, तपासणीच्याच दिवशी.

प्रांजल आठवीत होती, सरांच्या खांद्याला लागलेली. मनगटावर तिचं स्वतःचं यंत्र, आकडा कमी झाला की थरथरणारं. डॉक्टर बाईंच्या खोलीत सर सवयीनं बोलू लागले, "मॅडम, सहामाहीत तिचा—" आणि प्रांजल म्हणाली, "सर, मी सांगते." तिनं सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, मध्ये थांबून श्वास घेत. सर ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर बाकड्यापाशी ती त्यांना म्हणाली, "सर, एवढ्या लांबून आता तुम्ही येऊ नका. माझं मला कळतंय."

ती उर्मटपणे म्हणाली नव्हती. त्यांचे सुजलेले पाय ती सकाळपासून बघत होती. तरी कविता ओशाळली, "अगं, असं बोलतात का?"

"न्हाई ताई, बरोबर हाय तिचं," सर म्हणाले. त्यांनी पिशवीतून वही काढली, कोपरे दुमडलेले होते ते अंगठ्यानं सरळ केले, आणि प्रांजलच्या हातात दिली. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चला नसीमाबाई, मला जरा स्टँडपर्यंत सोडा."

लातूरची बस लागलेली होती. ते नको म्हणत असताना मी पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तेव्हा ते खिडकीशी बसलेले. बस भरत होती, कुणी पोतं वर चढवत होतं, बाहेर पेरूवाली ओरडत होती, मागच्या सीटवर एक पोर मोबाईलवर गाणी वाजवत होतं. सरांचं डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मनगटाचं बटण सुटून बाही लोंबत होती. बस सुटायच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली होती.

काचेवर टकटक करावी म्हणून मी हात उचलला आणि खाली घेतला. बाटली पुढच्या सीटवरच्या बाईकडे दिली, म्हटलं, उठले की द्या. कंडक्टरनं घंटी मारली. त्यानंही सर जागे झाले नाहीत.